ट्रॉमा थेरपीला येणाऱ्यांच्या घरच्यांना खुलं पत्र: "सांगितलं का तिनं?" हे विचारणं आता थांबवा

आई, बाबा, नवरे, बायका, ताई-दादा, मोठी झालेली मुलं, जिवाभावाचे मित्र-मैत्रिणी, आणि जे कुणी सेशनला सोडायला-न्यायला येता ते सगळे,

नमस्कार.

मी ट्रॉमा थेरपिस्ट आहे. म्हणजे अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, आग, पूर, युद्ध, जवळच्या माणसाचा भयानक मृत्यू, लहानपणी वर्षानुवर्षं सोसलेला छळ, अशातून गेलेली माणसं माझ्यासमोर बसतात आणि तुम्ही बाहेर बसता. सेशन संपलं की तुमच्यातलं कुणीतरी मला गाठतं नाहीतर नंतर फोन येतो, आणि प्रश्न ठरलेले असतात, बोलली का ती, सगळं सांगितलं का, अजून किती दिवस लागतील, आणि मग जरा आवाज खाली आणून, नक्की काय झालं होतं हो, आम्हाला तर काहीच सांगत नाही.

मी उत्तर देत नाही. काही जण चिडतात, काहींना वाटतं ही बाई शिष्ट आहे, काहींना वाटतं आमच्याविरुद्ध काहीतरी सांगितलं असणार म्हणूनच लपवतेय. म्हणून एकदाच सगळ्यांना जाहीर लिहितेय. यात तुमच्या माणसाबद्दल एक अक्षरही नाहीये, जी उदाहरणं येतील ती अनेकांची मिसळून केलेली आहेत, त्यामुळे "हे आमचंच आहे" असं शोधत बसू नका प्लीज.

गुप्ततेचा नियम तुम्हाला माहिती असेलच. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा एखाद्या लहान मुलाला इजा होतेय असं कळलं, तर मला गप्प बसता येत नाही, आणि हे मी पहिल्याच भेटीत समोरच्याला सांगून ठेवते. मूल लहान असेल तर पालकांना काय सांगायचं याचे कायदे वेगळे असतात, तिथेही मी काय सांगणार आहे ते आधी मुलाला सांगते. बाकी सगळं आत राहतं. फी कोण भरतं याने त्यात फरक पडत नाही, हे कडू लागेल पण आहे असं आहे.

पण नियम आहे म्हणून मी गप्प बसते असं समजू नका, नियम नसता तरी मी हेच केलं असतं. ज्या क्षणी ती घटना घडली त्या क्षणी तुमच्या माणसाच्या हातात काहीच नव्हतं. त्याच्या शरीराचं काय होणार, कुठे जायचं, कधी सुटायचं, जगायचं की मरायचं, सगळं दुसऱ्या कुणीतरी किंवा नशिबाने परस्पर ठरवलं. त्यामुळे बरं होणं म्हणजे माझ्या लेखी ठरवण्याचा हक्क त्या माणसाकडे परत येणं, माझं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. काय सांगायचं, किती सांगायचं, कुणाला, कधी, की नाहीच सांगायचं. मग मी बाहेर येऊन तुम्हाला दोन वाक्यात आतलं सांगून टाकलं तर काय झालं, परत त्याच्याबद्दलचं काहीतरी त्याच्या पाठीमागे ठरलं ना.

आता आत काय चालतं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की पहिल्या दिवशी मी रुमालाचा बॉक्स पुढे सरकवते आणि ते माणूस सगळं भडाभडा ओकून रडून हलकं होऊन बाहेर येतं. तसं काही नसतं हो. पहिली काही सेशन्स बाहेरून बघणाऱ्याला कमालीची कंटाळवाणी वाटतील. कुठल्या खुर्चीत बसायचंय, दाराकडे तोंड हवंय का, दार बंद चालेल की किंचित उघडं, मी वहीत लिहिलेलं चालेल का, हे मी विचारते आणि खरंच उत्तराप्रमाणे वागते. झोप कशी आहे, पोटात काही जातंय का, दारू किंवा गोळ्या वाढल्यात का, स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धोका खरंच संपलाय का, की त्रास देणारा माणूस अजून आसपासच आहे. तो आसपास असेल तर थेरपी वगैरे नंतर, आधी सुरक्षित कसं राहायचं याचा प्लॅन. मग आम्ही एक खूण ठरवतो, हात वर केला की मी थांबणार, वाक्य अर्धं असलं तरी, आणि कारण विचारणार नाही. ती खूण आम्ही मुद्दाम वापरून बघतो, कारण "थांब" म्हटल्यावर समोरचा खरंच थांबतो हा अनुभव कित्येकांना फार वर्षांनी येतो, काहींना पहिल्यांदाच येतो.

याच टप्प्यावर तुमच्यातले काही जण वैतागतात. एवढ्या वेळा गेली आणि अजून मूळ विषयच काढला नाही, नुसत्या गप्पा मारतात. मला कळतं तुम्हाला घाई का आहे. तुम्ही रात्री जागताय, तुम्हाला तुमचं माणूस परत हवंय. आणि आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय की आत साठलेलं बाहेर काढलं की माणूस मोकळं होतं. ट्रॉमाच्या बाबतीत ते इतकं सरळ नाहीये. १९८० च्या दशकात एक पद्धत चालू झाली होती, मोठी दुर्घटना झाली की एकदोन दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं काय वाटलं ते सविस्तर बोलून घ्यायचं, म्हणजे पुढे त्रास होणार नाही. हेतू चांगलाच होता. पण नंतर नीट अभ्यास झाले तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीने पुढचा पीटीएसडी, म्हणजे घटनेनंतर महिन्याच्या वर टिकून राहणारा आघाताचा मानसिक आजार, काही टळत नाही, आणि भाजलेल्या आणि रस्त्यावर अपघात झालेल्या लोकांवरच्या काही अभ्यासांत तर ज्यांना असं बोलायला लावलं त्यांचीच तब्येत नंतर जास्त वाईट निघाली. आता कुठले उपचार करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की असं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराचं जे छोटं पुस्तक काढलं त्यातही भर कशावर आहे तर सुरक्षितता, पाणी-अन्न-निवारा, आपल्या माणसांशी गाठ घालून देणं, आणि माणूस आपणहून बोललं तर ऐकणं, बोलायला भाग पाडायचं नाही.

तर घरी जेवताना, गाडीत, रात्री दिवे घालवल्यावर "एकदा सांगून टाक ना म्हणजे सुटशील" असं जे चालतं ते बंद करा. ही खपली तुमच्या नखाने काढायची नाहीये.

अजून एक, घटना घडली म्हणजे पीटीएसडी होणारच असं अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगातले साधारण ७० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी अशा एखाद्या प्रसंगातून जातात आणि त्यातल्या साधारण ५.६ टक्के लोकांना पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेक माणसं काही आठवडे हादरलेली राहतात, झोप उडते, दचकतात, आणि मग आपल्या माणसांत राहून हळूहळू सावरतात, माझ्याकडे यायची वेळच येत नाही. निदान करायलाही एक महिन्याच्या वर लक्षणं टिकलेली असावी लागतात. त्यामुळे कालच अपघात झालेल्या मुलाला आज माझ्याकडे ओढून आणू नका, आज त्याला त्याची माणसं हवी आहेत आणि त्याचं रोजचं जेवढं जमेल तेवढं रोजचं हवंय. आणि या "आपल्या माणसांत राहून" बद्दल सांगायचं तर २००० साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, कुणाला पीटीएसडी होतो आणि कुणाला नाही हे ठरवणारे १४ घटक तपासले होते, आणि त्यात सगळ्यात जास्त वजन असलेल्या गोष्टींमध्ये घटनेनंतर आजूबाजूच्यांचा आधार नसणं ही होती. लहानपण कसं गेलं, शिक्षण किती, यापेक्षा जास्त वजन. मी आठवड्यातून एक तास भेटते, बाकीचा सगळा आठवडा तुमच्याकडे असतो.

म्हणूनच आता जे लिहितेय ते जरा नीट वाचा.

"ओरडली का नाहीस?" "पळून का नाही गेलास?" "त्याला धक्का तरी द्यायचा." हे प्रश्न तुम्ही प्रेमापोटी विचारता, माहितीये मला, तुमच्या मनात तुम्ही त्या ठिकाणी जाऊन तिला सोडवत असता. पण तिला ऐकू येतं ते असं की चूक तुझी होती. आणि खरी गोष्ट अशी आहे की फार मोठ्या धोक्यात, विशेषतः सुटायची वाट बंद असते तेव्हा, शरीर आपोआप गोठतं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. हे ठरवून होत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. २०१७ साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा, त्यात ७० टक्के जणींनी सांगितलं की त्यांचं शरीर बऱ्याच प्रमाणात असं गोठलं होतं. सत्तर टक्के म्हणजे अपवाद नाही, नेहमीचीच गोष्ट म्हणायची. आणि ज्यांचं शरीर असं गोठलं त्यांना पुढे सहा महिन्यांनी पीटीएसडी आणि डिप्रेशन होण्याचं प्रमाणही जास्त होतं, म्हणजे जिला सगळ्यात जास्त आधार लागणार तिलाच आपण सगळ्यात जास्त जाब विचारतो. पुरुषांचंही तसंच होतं, फक्त ते सांगत नाहीत, कारण त्यांना तर "मर्द असून" हा जादाचा टोमणा तयारच असतो. माझ्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ कशावर जात असेल तर तो याच एका गोष्टीवर, मी काही का केलं नाही, आणि निम्म्या वेळा तो प्रश्न त्यांचा स्वतःचा नसतो, घरात कुणीतरी विचारलेला असतो आणि तो आत जाऊन बसलेला असतो.

तसंच "आधी तर वेगळं सांगितलं होतंस". हो, सांगितलं असेल. अशा वेळची आठवण सिनेमासारखी सलग साठत नाही, तुकडे असतात, एक वास अगदी लख्ख, एक आवाज, शर्टाचं बटण, आणि मधला बराचसा भाग धूसर, क्रम उलटासुलटा. कधी एखादा तुकडा महिन्यांनी जागेवर बसतो. त्यावरून खोटं बोलतेय असा निष्कर्ष काढू नका, उलटतपासणी घरात नको. आणि याची दुसरी बाजूही मी सांगणार, कारण ती लपवणं प्रामाणिकपणाचं नाही, आठवण बाहेरून घडवताही येते. १९९५ साली एक प्रयोग झाला होता ज्यात घरच्यांचा हवाला देऊन लोकांना सांगितलं की लहानपणी तू बाजारात हरवला होतास, असं काही घडलेलंच नसताना, आणि २४ जणांपैकी साधारण पाव लोकांना ते थोडंफार "आठवायला" लागलं. म्हणून मी कुणाला संमोहनात नेऊन दडलेल्या आठवणी शोधत नाही, "तुझ्या लक्षणांवरून वाटतं लहानपणी तुझ्यासोबत काहीतरी झालं असणार" असं वाक्य माझ्या तोंडून कधीच निघणार नाही, आणि जो थेरपिस्ट असं म्हणेल त्याच्यापासून तुमच्या माणसाला लांब ठेवा असं मी सरळ सांगेन. तुम्हीही घरी अंदाज पुरवू नका. "तो अमुकच होता ना?" हे विचारलं की तुम्ही मदत करत नाही, तुम्ही आठवणीत हात घालताय.

बरं, आता एवढं वाचून काही जण म्हणतील ठीक आहे, विषयच काढायचा नाही, सगळं विसरून जायला मदत करू. नाही! तेही नको.

टाळणं हा या त्रासाचा जीव आहे. रस्ता टाळला, मग ती बस टाळली, मग बसच टाळली, मग घराबाहेर पडणं टाळलं, प्रत्येक वेळी क्षणभर बरं वाटतं आणि प्रत्येक वेळी जग थोडं लहान होतं. आणि घरची माणसं यात मदत करतात, मायेने. तू नको जाऊस मी आणतो, तू फोन घेऊ नकोस मी बोलते, टीव्ही बंद करा रे ती आलीये. पहिल्या काही दिवसांत ठीक आहे, गरजेचंही आहे, पण सहा महिन्यांनी सगळं घर जर दबक्या पावलांनी चालत असेल तर त्या माणसाला रोज एकच निरोप मिळतोय की बाहेर धोका आहे आणि तुला झेपणार नाही. म्हणून पुढे, तयारी झाल्यावर, आम्ही त्या आठवणीकडे जातोच. त्याच्या नीट तपासलेल्या पद्धती आहेत. एकात माणूस ती घटना वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगतं, रेकॉर्ड करून घरी ऐकतं, आणि टाळलेल्या जागांना थोडंथोडं करून परत जातं. एकात घटनेमुळे डोक्यात बसलेली वाक्यं, माझीच चूक होती, कुणावरच विश्वास ठेवता येत नाही, ही कागदावर लिहून एकेक तपासली जातात, तिथे सगळा प्रसंग सविस्तर सांगावाच लागतो असंही नाही. तिसरी ईएमडीआर नावाची, तिच्यात आठवण मनात धरून माझ्या बोटांच्या मागे डोळे फिरवायचे असतात, १९८७ साली फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना ती कल्पना सुचली, डोळे फिरवण्याने नेमकं काय होतं यावर संशोधकांचे वाद अजून चालू आहेत, पण लोकांना फरक पडतो हे पुरेसं दिसलंय आणि २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही ट्रॉमावर काम करणाऱ्या सीबीटीसोबत (म्हणजे विचार आणि वागण्यावर काम करणारी थेरपी) तिची शिफारस केली. कुठली घ्यायची ते मी एकटी ठरवत नाही, तिन्ही समजावून सांगते आणि माणूस निवडतं. काही जणांनी तर माझ्या अंदाजाच्या बरोबर उलटी निवडलीये आणि त्यांचंच बरोबर निघालंय.

या दिवसांत सेशननंतर एकदोन दिवस त्रास वाढू शकतो, स्वप्नं, चिडचिड, रडू. लगेच मला फोन करून "तुम्ही तिला आणखी बिघडवलंत" म्हणू नका, आणि तिला "सोडून दे ती थेरपी" असंही नका सांगू, त्या दोन दिवसांत घरातलं काम जरा उचला आणि प्रश्न कमी विचारा एवढंच. मात्र आठवडा होऊन गेला आणि उतरतच नाहीये, खाणं-झोप पार गेलीये, तर तिला सांगा की थेरपिस्टशी बोल, वेग कमी करायला लागेल. वेग कमी करणं म्हणजे हरणं नाही, मी ते नेहमीच करते.

आता मला ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायचं होतं ती. माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रार कुठली येते माहितीये? "थेरपीला जायला लागल्यापासून उलट बोलायला लागली." "पूर्वी किती समजूतदार होता, आता प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतो." "आमच्या लग्नकार्यांना येत नाही म्हणाली, तोंडावर." आणि हे सांगताना तुमचा सूर असा असतो की थेरपी फसली.

मला हे ऐकून आत कुठेतरी हायसं वाटतं, राग मानू नका. कारण तो पूर्वीचा समजूतदारपणा बऱ्याचदा भीती होती. ज्याने लहानपणी शिकून घेतलंय की मोठ्या माणसाचा मूड सांभाळला नाही तर मार बसतो, तो मोठेपणी सगळ्यांचा लाडका होतो, कधी भांडत नाही, कधी काही मागत नाही. तो बरा व्हायला लागला की पहिल्यांदा "नाही" म्हणतो, आणि नवीन असल्यामुळे ते बेढब येतं, नको तिथे येतं, नको तेवढ्या जोरात येतं. आवाज किती ठेवायचा ते अजून कळत नसतं. माझ्यावरही निघतं ते. कुणी सेशनची वेळ बदलून मागतं, कुणी म्हणतं तुमचा हा प्रश्न मला आवडला नाही, कुणी म्हणतं आज मला बोलायचं नाहीये, नुसतं बसायचंय. माझ्या दृष्टीने ही प्रगतीची खूण आहे, फ्लॅशबॅक, म्हणजे घटना आत्ताच परत घडतेय असं वाटणं, किती कमी झाले त्या फॉर्मवरच्या आकड्यापेक्षाही मी याच्याकडे जास्त बघते. (फॉर्म पण भरून घेते, नाही असं नाही, नाहीतर मला वाटतंय म्हणून बरं वाटतंय असं व्हायचं.)

तर तुमच्या घरात ते पहिलं "नाही" येईल तेव्हा कृपा करून ते चिरडू नका. सगळ्या "नाही"ला मान तुकवा असं मी म्हणत नाहीये, तुमचंही घर आहे, तुमच्याही मर्यादा आहेत, शिवीगाळ केली तर "हे मला चालणार नाही" असं शांतपणे सांगा, तेही तिला ऐकायला हवंय की नातं न तोडता नाही म्हणता येतं. पण "मला मिठी मारू नका", "मला तिथे यायचं नाहीये", "मला न विचारता माझ्या खोलीत येऊ नका" याच्यावर रुसवेफुगवे नकोत. आणि छोट्या गोष्टींत तिला विचारा, खिडकी उघडी ठेवू की लावू, आज जायचं की उद्या, लाइट चालू हवाय का, आणि ती जे म्हणेल ते होऊ द्या. पोरकट वाटेल पण गेलेला हक्क असाच परत येतो, मोठे निर्णय खूप नंतर.

यातच माफीचं येतं. "माफ करून टाक आणि पुढे जा." माझ्या कामात माफी हा टप्पा नाहीये. काही जण करतात, त्यांच्या श्रद्धेतून किंवा त्यांना तसं हवं असतं म्हणून, आणि मी आडवी येत नाही. काही कधीच करत नाहीत आणि छान जगतात, हसतात, प्रेमात पडतात, कामावर बढती घेतात. माफीची गरज बऱ्याचदा घरालाच जास्त असते, म्हणजे मग सगळे परत एका खोलीत बसू शकतील. आणि जर त्रास देणारा घरातलाच असेल, काका, मामा, भाऊ, नवरा, वडील, तर मला मधे घालून समेट घडवायचा प्रयत्न करू नका, ज्याने इजा केली त्याला समोर बसवून मी एकत्र सेशन घेत नाही. "तो आता म्हातारा झालाय" हे कारण मी खूप ऐकलंय.

रात्रीचं थोडं सांगते कारण त्याबद्दल फोन फार येतात. भयानक स्वप्नातून कुणी ओरडत उठलं तर धावत जाऊन गच्च धरू नका, अर्धवट जागेपणी तुमचा हात कुणाचा वाटेल सांगता येत नाही. लाइट लावा, जरा लांबूनच नावाने हाक मारा, तू घरी आहेस, मी अमुक आहे, आज अमुक वार आहे, असं साध्या आवाजात, आणि मग विचारा जवळ येऊ का. दिवसा फ्लॅशबॅक आला तरी हेच, पाय जमिनीवर टेकव, समोर काय काय दिसतंय ते सांग, आणि स्वप्नात काय होतं ते लगेच विचारू नका. घटनेची तारीख जवळ आली की आधीचे आठवडेच वाईट जातात, कधी त्या माणसालाही कळत नाही का, तुमच्या लक्षात असेल तर त्या दिवशी घरात मोठं काही ठेवू नका.

आणि मरायचं बोलत असेल तर सरळ शब्दात विचारा, आत्महत्येचे विचार येतायत का. विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते ही समजूत चुकीची आहे, उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, गोळ्या, कीटकनाशक, हत्यार जे घरात असेल ते हाताशी राहणार नाही असं करा, आणि पुढच्या सेशनची वाट न बघता तातडीच्या सेवेला किंवा जवळच्या हॉस्पिटलला गाठा. इथे मात्र "तिचा हक्क" वगैरे मी काही ऐकणार नाही.

औषधांचं सायकियाट्रिस्टने बघायचं, मी डॉक्टर नाही. एवढंच सांगते की डिप्रेशनवरच्या काही गोळ्या पीटीएसडीतही उपयोगी पडतात आणि त्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, त्यामुळे दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून घरच्या घरी बंद करू नका. आणि स्वतःच्या डब्यातली झोपेची गोळी "आजच्या रात्रीपुरती" म्हणून देऊ नका, घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात या प्रकारच्या गोळ्या देऊ नयेत असंच जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते.

कधी बरी होणार? एकाच घटनेचा त्रास असेल आणि बाकी आयुष्य बऱ्यापैकी स्थिर असेल तर वर सांगितलेल्या पद्धती साधारण ८ ते १५ सेशन्सच्या असतात, त्यातल्या एकीचा तर ठरलेला आराखडाच १२ चा आहे, आणि बऱ्याच जणांना तेवढ्यात खरंच मोठा फरक पडतो, तयारीचा वेळ काही जणांना वेगळा लागतो. पण लहानपणापासून वर्षानुवर्षं, आणि तेही जवळच्याच माणसाकडून झालं असेल, तर नुसती आठवण नाही तर स्वतःबद्दलचं मत, भावना आवरणं, कुणाच्या जवळ जाणं, सगळंच वाकलेलं असतं. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं निदान मिळालंय, आणि तिथे वेळ जास्त लागतो, मी तारीख देत नाही. जो गॅरंटी देतो त्याच्याकडे जाऊ नका. आठवण पुसली जाणार नाही हेही आत्ताच सांगून ठेवते. ती येईल, वाईट वाटेल, आणि तरी माणूस हातातलं काम पूर्ण करेल, रात्री झोपेल, इथपर्यंत पोचता येतं.

शेवटी तुमचं. आपल्या जवळच्या माणसावर हल्ला झाला किंवा जीवघेणा अपघात झाला हे कळणं हा सुद्धा निदानाच्या निकषांत ट्रॉमा धरला जातो, त्यामुळे तुम्हालाही झोप नसेल, तुम्हीही दचकत असाल, मुलीला यायला दहा मिनिटं उशीर झाला की पोटात गोळा येत असेल, तर ते नाटक नाहीये आणि "मला काय झालंय, झालं तर तिला" असं म्हणून रेटू नका. फक्त माझ्याकडे येऊ नका, दुसऱ्या थेरपिस्टकडे जा, म्हणजे तिची खोली तिचीच राहील. आणि तुमचं रडणं तिच्यासमोर रोज नको, नाहीतर ती तुम्हाला सांभाळायला लागेल, ते काम तिने बहुतेक आधीच फार केलंय.

ज्यांना माझ्याशी बोलायचंच आहे त्यांनी फोन न करता आधी तिला किंवा त्याला विचारा. ते हो म्हणाले तर आपण तिघं बसू, काय बोलायचं आणि काय नाही ते मी त्यांच्याशी आधी ठरवून घेईन आणि तुम्हाला तेवढंच सांगेन. नाही म्हणाले तर तीन-चार महिन्यांनी परत विचारा, मधे नको. आणि पुढच्या वेळी सोडायला याल तेव्हा बाहेर थांबू का, की तासाने येऊ, की आज तू एकटी जाशील, हे तिलाच विचारून घ्या.

तुमच्या माणसाची थेरपिस्ट